हिशेबी माणसाला आलेली उबळ

माझे वडील आयुष्यभर लेखापाल होते. निवृत्तीनंतरही झोपण्याआधी दिवसभराचा खर्च वहीत लिहायचे आणि बेरीज जुळेपर्यंत दिवा मालवायचे नाहीत. असा माणूस वयाच्या ६७ व्या वर्षी रात्री तीन वाजता अंधारात बसून मोबाइलवर पैसे लावून पत्ते खेळत होता. त्याच्या कितीतरी आधीपासून घरी खोकी येऊ लागली होती. टॉर्च, पान्यांचे संच, मनगटी घड्याळं. घड्याळं तर बरीचशी एकाच मॉडेलची, पाकीटसुद्धा न फोडलेली. आई विचारायची, "अहो, कशाला हवंय हे एवढं?" बाबा म्हणायचे, "लागेल कधीतरी." आणि त्या उत्तरात एक धार असायची, जी आम्ही त्यांच्या आवाजात कधी ऐकली नव्हती.

हे लिहायला त्यांची परवानगी आहे. "लिही, पण औषधाचं नाव नीट घाल," असं त्यांनीच बजावलंय. म्हणून ते आधी सांगते. प्रामिपेक्सोल. पार्किन्सन्सवरचं औषध. चांगलं औषध आहे, जगभर असंख्य लोकांना त्याचा उपयोग होतो, आणि बाबांनाही झाला होता. शर्टाची बटणं ते पुन्हा स्वतः लावायला लागले होते. चालताना पाय अडखळणं कमी झालं होतं. खरेदी आणि जुगार यांचा त्या गोळीशी संबंध असेल हे आमच्या डोक्यात येणं शक्यच नव्हतं, कारण एक गोष्ट आजार बरा करत होती आणि दुसरी, आम्हाला वाटत होतं, स्वभाव बिघडवत होती.

घरात प्रत्येकाचं आपापलं निदान होतं. आईला वाटायचं, निवृत्तीनंतरचं रिकामपण खायला उठलंय. धाकट्या भावाला वाटायचं, कुणीतरी त्यांना फोनवरून फसवतंय. मला स्मृतिभ्रंशाची भीती वाटत होती. आणि नातेवाइकांपर्यंत गोष्ट गेली तेव्हा एकाने सरळ सांगितलं की माणूस म्हातारपणी खरा कळतो. ते वाक्य बाबांच्या कानावर गेलं. त्यानंतर ते जेवणाच्या टेबलावर बसेनासे झाले.

न्यूरोलॉजिस्टकडे आम्ही नेमाने जात होतो. तिथे कंप किती, ताठरपणा किती, झोप कशी, बद्धकोष्ठता आहे का, हे सगळं विचारलं जायचं. पैशांबद्दल कधीच काही नाही. मग एकदा नेहमीचे डॉक्टर रजेवर होते आणि त्यांच्या जागी एक तरुण डॉक्टर बसली होती. तिने फाइल चाळली, औषधाचा डोस पाहिला आणि अगदी सहज, रक्तदाब विचारावा तशा आवाजात विचारलं, "काका, गेल्या काही महिन्यांत खरेदी, जुगार, खाणं किंवा लैंगिक इच्छा, यांतलं काही वाढल्यासारखं वाटतंय का? या गोळीने असं होऊ शकतं, म्हणून विचारते." बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "यांतलं पहिलं आणि दुसरं."

माझं आजचं ठाम मत त्या प्रश्नाने बनलेलं आहे. उबळीवरचा ताबा सुटण्याच्या अशा आजारांमध्ये निदान अडतं ते यंत्रं किंवा तपासण्या नसल्यामुळे नाही. कुणी सरळ, नाव घेऊन विचारत नाही म्हणून अडतं. "आणखी काही त्रास?" या प्रश्नाला जुगाराचं उत्तर कुणीही देत नाही.

त्यानंतर मी जे मिळेल ते वाचत गेले. शिक्षिका आहे, गणित शिकवते, वैद्यकशास्त्र माझा विषय नाही. पण डॉक्टरांना प्रश्न विचारून, चुकीचं समजलेलं दुरुस्त करून घेत वाचलं.

आवेग-नियंत्रणाचे विकार म्हणून जे ओळखले जातात त्या सगळ्यांचा गाभा एकच दिसतो. एखादी गोष्ट करावीशी वाटते. ती आपल्याला किंवा दुसऱ्याला महागात पडणार हे कळत असतं. तरीही ती थोपवता येत नाही. आधी आत ताण चढत जातो, हात शिवशिवतात. ते केलं की सुटल्यासारखं वाटतं, कधी आनंदही होतो. मग शरम येते. शरमेपोटी लपवाछपवी सुरू होते, आणि लपवून ठेवलेल्या गोष्टीचा ताण पुन्हा नव्या उबळीला जागा करून देतो. एखाद्या वेळी मोह आवरला नाही, याला आजार म्हणत नाहीत. पुन्हा पुन्हा घडतं, थांबवायचा प्रयत्न फसतो आणि नाती, नोकरी, पैसा यांचं नुकसान होत जातं, तेव्हा तो आजार.

या आजारांना कुठल्या कप्प्यात ठेवायचं यावर मनोविकारशास्त्रात बरीच हलवाहलव झाली आहे. १९८० च्या डीएसएम-३ या अमेरिकन वर्गीकरणात यांचा वेगळा गट आला आणि जुगार त्यातच होता. २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये जुगार व्यसनांच्या शेजारी गेला, आणि स्वतःचे केस उपटण्याचा विकार, म्हणजे ट्रायकोटिलोमेनिया, ओसीडीच्या, म्हणजे नको ते विचार आणि त्याच त्याच कृतींच्या आजाराच्या गटात. जागतिक आरोग्य संघटनेचं आयसीडी-११ हे वर्गीकरण १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. त्यात आवेगाच्या गटात क्लेप्टोमेनिया (चोरीची उबळ), पायरोमेनिया (आग लावण्याची उबळ), संतापाचे अधूनमधून होणारे स्फोट आणि लैंगिक वर्तनावरचा ताबा सुटणं हे विकार आहेत. घरच्या माणसांना या कप्प्यांचं फार काही नसतं. तरी जुगाराला व्यसनांशेजारी नेलं हे मला योग्य वाटतं. तलफ, वाढत जाणारी रक्कम, बंद केल्यावरची अस्वस्थता हे सगळं आम्ही घरात पाहिलंय.

आता गोळीचं. पार्किन्सन्समध्ये मेंदूच्या एका छोट्या भागातल्या, डोपामिन नावाचं रसायन तयार करणाऱ्या पेशी मरत जातात. त्यामुळे हालचालींचा भाग डोपामिनसाठी उपाशी राहतो. पण डोपामिन फक्त हालचालींसाठी नसतं. काय हवंसं वाटावं, कशासाठी उठून धावावं, कशातून शिकावं, यातही त्याचा हात असतो, आणि त्या कामाचे भाग आजाराच्या सुरुवातीच्या काळात बऱ्यापैकी शाबूत असतात. मग हालचालींना पुरेल एवढा डोस दिला की या शाबूत भागांना तो जास्त होतो. प्रामिपेक्सोल आणि रोपिनिरोल ही औषधं डोपामिनची नक्कल करतात, आणि डी-३ नावाच्या ज्या ग्राहींवर (पेशींवरच्या, डोपामिनचा निरोप घेणाऱ्या जागांवर) ती विशेष जोराने काम करतात ते याच हवं-नकोच्या भागात दाटीने असतात.

किती जणांना असं होतं? २०१० मध्ये अमेरिका आणि कॅनडातल्या ३,०९० पार्किन्सन्सच्या रुग्णांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात १३.६ टक्के रुग्णांना जुगार, खरेदी, अतिखाणं किंवा लैंगिक वर्तन यांपैकी निदान एक त्रास होता. या वर्गातली औषधं घेणाऱ्यांत ते प्रमाण १७.१ टक्के होतं, न घेणाऱ्यांत ६.९. म्हणजे घेणाऱ्यांत साधारण सहा माणसांमागे एक. वय कमी असणं, धूम्रपान, घराण्यात जुगाराचा इतिहास, यांनी धोका वाढलेला दिसला. हे आकडे मी बाबांना वाचून दाखवले. आकडे हीच त्यांची भाषा. त्यांनी कागद माझ्या हातून घेतला आणि टक्केवारी स्वतः पुन्हा करून पाहिली.

पण मला खरं उमगलं ते दुसऱ्या एका प्रयोगामुळे. २००४ मध्ये सायन्स या नियतकालिकात तो आला होता. पार्किन्सन्सच्या रुग्णांना चिन्हांच्या जोड्यांतून एक निवडायला लावत आणि बरोबर की चूक ते सांगत. गोळी न घेतलेले रुग्ण चुकलेल्या निवडीतून जास्त शिकत, काय टाळायचं ते त्यांना लवकर कळे. गोळी घेतलेले रुग्ण बरोबर आलेल्या निवडीतून जास्त शिकत आणि चुकांचा त्यांच्यावर तेवढा परिणाम होत नसे. त्याचं कारण असं मांडलं गेलं की अपेक्षाभंग झाला की मेंदूतलं डोपामिन क्षणभर खाली जातं, आणि त्या घसरणीतून "हे पुन्हा नको" असा धडा पडतो. औषधाने पातळी सतत वर राहिली तर ती घसरण नीट होतच नाही. जमाखर्चाच्या वहीत नुसती जमेची बाजू भरली जावी आणि खर्चाचं पान कोरंच राहावं, तसं. हे बाबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "हरलेलं आठवत होतं गं मला. पण ते लागत नव्हतं."

हे वाक्य मी डॉक्टरांनाही सांगितलं. माहिती असणं आणि ती लागणं यांत एवढं अंतर पडू शकतं, हे एखाद्या पुस्तकापेक्षा बाबांनी मला नीट शिकवलं.

उपचार सोपा नव्हता. गोळी एकदम बंद करता येत नाही, करूही नये. डोस टप्प्याटप्प्याने उतरवला आणि लेव्होडोपा हे पार्किन्सन्सचं दुसरं औषध वाढवलं, कारण त्याने हा त्रास तुलनेने कमी होतो. डोस उतरताना जे झालं त्याची कल्पना डॉक्टरांनी आधी दिली होती म्हणून आम्ही टिकलो. घाम, धास्ती, रडू येणं, अंग दुखणं, आणि "मला तीच गोळी द्या, मी खरेदी करणार नाही, वचन देतो" असं लहान मुलासारखं विनवणं. या औषधांच्या माघारीची लक्षणं अशी असतात, ती लेव्होडोपा वाढवूनही पुरती जात नाहीत, आणि काही जणांना ती इतकी जड जातात की औषध पूर्ण सोडता येत नाही. बाबांचं सुटलं. त्याची किंमत म्हणून ताठरपणा थोडा परतला. शर्टाची वरची दोन बटणं आता आई लावते.

खरेदीची उबळ काही आठवड्यांत ओसरली. जुगाराची राहिली. औषधाने लावलेली गोष्ट औषध गेल्यावर आपोआप जाईल असं आम्ही धरून चाललो होतो, पण रात्री तीनला जाग येणं, हातात फोन असणं, बोटांना पडलेली सवय, हे सगळं शिल्लक होतं. तेव्हा मानसोपचारतज्ज्ञांनी त्यांना एका मानसशास्त्रज्ञ बाईंकडे पाठवलं. कॉग्निटिव्ह बिहेविअरल थेरपी, म्हणजे विचार आणि सवयी ओळखून बदलण्याचा उपचार. बाबांना वाटलं होतं की तिथे उपदेश ऐकावा लागेल. बाईंनी पहिल्याच भेटीत त्यांच्या हातात एक कोरा तक्ता ठेवला: उबळ कधी आली, त्याआधी काय चाललं होतं, दहापैकी किती जोराची, मग काय केलं, नंतर कसं वाटलं. लेखापालाला याहून योग्य औषध नसावं. तक्ता भरताना बाबांना दिसलं की उबळ सगळ्यात जास्त येते ती लेव्होडोपाचा असर उतरताना, शरीर जड झालेलं असताना. ती फक्त पैशांची हाव नव्हती. त्या वेळी त्यांना स्वतःच्या अंगातून सुटका हवी असायची. मग त्या वेळेसाठी काय करायचं ते ठरवलं गेलं, आणि डोसच्या वेळाही थोड्या बदलल्या.

बाईंनी त्यांना उबळ न दाबता, तिच्या मागे न जाता, नुसती पाहायलाही शिकवलं. शरीरात कुठे जाणवते, चढतेय की उतरतेय. उबळ चढते, शिगेला पोचते आणि तिला खतपाणी मिळालं नाही तर स्वतःहून उतरते. हे सांगून पटत नाही. एकदा अंगावर घेऊन, काही न करता बसून, ती उतरलेली अनुभवावी लागते.

पैशांची व्यवस्था आम्ही त्यांच्यासोबत बसून केली. कार्डाची मर्यादा कमी केली, जुगाराची अ‍ॅप बंद करणारं साधन फोनवर टाकलं, मोठ्या खर्चाला आईची सही लागेल असं ठरवलं. हे सगळं भावाने एका दुपारी गुपचूप करून टाकायचं म्हटलं होतं. मी अडवलं. घर चालवलेल्या माणसाच्या पाठीमागे त्याचं खातं गोठवणं मला पाहवलं नसतं, आणि तसं केलं असतं तर त्यांनी दुसरी वाट शोधली असती असंही मला वाटतं.

बाबांचे हे उपचार चालले त्या केंद्रात रुग्णांच्या घरच्यांसाठी एक गट भरतो. तिथे मला या आजारांची बाकीची रूपं भेटली. तपशील बदलून दोनच सांगते.

एक बाई दुकानांतून लहानसहान वस्तू उचलायच्या. पेनं, केसांच्या पिना, कात्री. विकत घेण्याची ऐपत होती आणि वस्तूंची गरज नव्हती. उचललेलं बहुतेक तसंच पिशवीत पडून राहायचं. त्यांची बहीण गटात यायची आणि म्हणायची, "ती चोर नाहीये हे मला कसं सिद्ध करू?" चोरी करणारे बहुतेक लोक गरजेपोटी किंवा फायद्यासाठी करतात, क्लेप्टोमेनिया विरळा आहे, लोकसंख्येच्या अर्ध्या टक्क्याच्या आसपास धरतात, आणि स्त्रियांत जास्त दिसतो. त्यात राग किंवा सूड नसतो, आखणीही नसते. त्या बाईंना नाल्ट्रेक्सोन सुरू केलं होतं, जे मुळात दारू आणि अफूच्या व्यसनांसाठीचं औषध. ते उबळीतली गोडी कमी करतं. २००९ च्या एका प्रयोगात २५ रुग्णांना आठ आठवडे हे औषध किंवा तशीच दिसणारी खोटी गोळी दिली होती, आणि औषधवाल्यांची चोरीची उबळ स्पष्टपणे कमी झाली होती. पंचवीस हा लहान आकडा आहे. या क्षेत्रात औषधांचे पुरावे अजून असेच तुटपुंजे आहेत, आणि डॉक्टर तसं मोकळेपणाने सांगत असतील तर त्यांच्यावर जास्त विश्वास ठेवावा असं मला वाटतं.

दुसरा एक तरुण मुलगा. संतापाचा स्फोट. क्षुल्लक कारणावरून भांडी, दारं, एकदा स्वतःचाच लॅपटॉप. अर्धा तासही टिकायचं नाही. नंतर तोच कोपऱ्यात बसून रडायचा. घरचे त्याला तापट म्हणत. अमेरिकेतल्या ९,००० हून अधिक प्रौढांच्या एका पाहणीत, २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, आयुष्यात कधी ना कधी हा विकार झालेल्यांचं प्रमाण ७.३ टक्के निघालं होतं. इतका हा सर्रास आहे, आणि तरी डॉक्टरकडे तो क्वचितच पोचतो, कारण राग हा आजार असू शकतो हे कुणी मनावर घेत नाही. त्याला फ्लुऑक्सेटिन हे नैराश्यावरही देतात ते औषध आणि थेरपी दोन्ही चालू होतं. ठिणगी पडण्याआधी शरीर काय सांगतं ते ओळखणं, श्वास, स्नायू सैल सोडणं, समोरच्याच्या वागण्याचा लगेच वाईट अर्थ न लावणं. त्याची आई एकदा म्हणाली, "तो आता खोलीतून बाहेर निघून जातो. आधी ते पळून जाणं वाटायचं, आता तोच उपचार आहे हे कळलंय."

केस उपटणाऱ्यांसाठी वेगळी पद्धत आहे, १९७३ मध्ये आझरिन आणि नन यांनी मांडलेली. हात डोक्याकडे जातोय हे आधी भानावर येऊन टिपायचं आणि त्याच क्षणी मूठ आवळणं यासारखी, केस उपटता येणारच नाही अशी हालचाल करायची. साधी वाटते, पण नेटाने करावी लागते, आणि ती उपयोगी पडते.

बाबांनी मला एकदा विचारलं, "ते मी करत होतो की गोळी?" मी उत्तर पाठ करून ठेवलेलं नव्हतं. मी म्हटलं, "उबळ गोळीने आणली बाबा. पण त्या तरुण डॉक्टरला खरं सांगितलंत, ते तुम्ही." त्यांना ते पूर्ण पटलं नाही. गेलेल्या पैशांची जबाबदारी ते स्वतःकडेच ठेवतात, आणि ती त्यांच्याकडून काढून घेण्याचा मला हक्क नाही. मात्र "म्हातारपणी माणूस खरा कळतो" हे वाक्य आमच्या घरात पुन्हा कुणी उच्चारलेलं मी चालवून घेणार नाही.

ही औषधं फक्त पार्किन्सन्सला देतात असंही नाही. पाय सारखे हलवावेसे वाटण्याच्या त्रासावर, म्हणजे रेस्टलेस लेग्जवर, हीच देतात. प्रोलॅक्टिन हे हार्मोन वाढल्यास देतात ते कॅबरगोलिन त्याच कुळातलं. मनोविकारांसाठीच्या एरिपिप्राझोलबद्दलही अमेरिकेच्या एफडीए या औषध नियंत्रण संस्थेने मे २०१६ मध्ये जुगार, खाणं, खरेदी आणि लैंगिक वर्तनाच्या अनावर उबळींचा इशारा दिला होता. तुमच्या घरात कुणी यांतलं काही घेत असेल आणि वागणं बदललेलं असेल, तर गोळी स्वतःहून बंद करू नका. औषधाचं नाव, डोस, कधी सुरू झालं, डोस कधी वाढला आणि वागण्यातला बदल कधी दिसला, हे एका कागदावर लिहून डॉक्टरांकडे न्या. तारखा शेजारी शेजारी आल्या की डॉक्टरांनाही नाकारता येत नाही.

आणि लैंगिक इच्छेबद्दलचा प्रश्न मुलांच्या समोर विचारला तर कुठलाही बाप "नाही" असंच सांगणार. म्हणून दर तपासणीला मी आणि भाऊ तेवढ्यापुरते बाहेर जाऊन बसतो.